कमल रणदिवे

कमल जयसिंग रणदिवे (पूर्वाश्रमीच्या कमल समर्थ, जन्म: पुणे, ८ नोव्हेंबर १९१७, मृत्यू: ११ एप्रिल २००१) या भारतीय जीवशास्त्रज्ञ आणि कर्करोग-संशोधक होत्या. मुंबईच्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात त्यांनी प्रायोगिक जीवशास्त्राची आणि ऊतीसंवर्धनाची प्रयोगशाळा उभारली. स्तनाच्या कर्करोगातील आनुवंशिकता, संप्रेरके व विषाणू यांचे परस्परसंबंध, सुपारी व तंबाखू यांची कर्करोगजनकता आणि कुष्ठरोग्यांच्या शरीरातून मिळालेल्या दंडाणूचे संवर्धन हे त्यांच्या संशोधनाचे प्रमुख विषय होते. १९६६ ते १९७० या काळात त्यांनी केंद्राच्या कार्यकारी संचालक म्हणून काम पाहिले. भारतीय महिला वैज्ञानिक संघटनेच्या त्या संस्थापक सदस्य होत्या. १९८२ साली भारत सरकारने त्यांना पद्मभूषण हा सन्मान दिला.

डॉक्टरेटसाठीचे आणि त्यानंतरचे संशोधन-प्रशिक्षण भारतात नुकते आकार घेत होते, त्या काळातील पहिल्या काही जीवशास्त्रज्ञांमध्ये रणदिवे यांची गणना होते. मुंबई विद्यापीठातून डॉक्टरेट, परदेशातील नामांकित प्रयोगशाळेत पुढील प्रशिक्षण आणि मायदेशी परतून स्वतःची प्रयोगशाळा व विद्यार्थी घडवणे, असा त्यांच्या कारकिर्दीचा क्रम होता.

बालपण आणि शिक्षण

कमल समर्थ यांचा जन्म पुण्यात झाला. त्यांच्या आईचे नाव शांताबाई होते. वडील फर्ग्युसन महाविद्यालयात जीवशास्त्राचे अध्यापक होते. आपल्या सर्व मुलांना उत्तम शिक्षण मिळावे असा त्यांचा कटाक्ष होता आणि मुलींच्या बाबतीतही त्यांनी वेगळा विचार केला नाही. कमल यांचे शालेय शिक्षण हुजूरपागा या नावाने ओळखल्या जाणाऱ्या मुलींच्या शाळेत झाले. १८८४ साली स्थापन झालेल्या या शाळेने पुण्यातील मुलींच्या अनेक पिढ्यांना उच्च शिक्षणाची वाट दाखवली होती.

कमल यांनी वैद्यकीय शिक्षण घ्यावे आणि त्यांचा विवाहही एखाद्या डॉक्टरशी व्हावा, अशी वडिलांची इच्छा होती. कमल यांनी मात्र फर्ग्युसन महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र आणि प्राणिशास्त्र हे विषय घेतले व विज्ञान शाखेची पदवी विशेष प्रावीण्यासह मिळवली. त्यानंतर त्यांनी पुण्याच्या कृषी महाविद्यालयात पदव्युत्तर अभ्यास सुरू केला. सीताफळ, रामफळ यांसारख्या फळझाडांचा समावेश असलेल्या ॲनोनेसी या वनस्पतिकुळाचे पेशीआनुवंशशास्त्र हा त्यांचा विशेष विषय होता. या अभ्यासासाठी १९४३ साली त्यांना एम.एस्सी. पदवी मिळाली.

हा विषय वरवर पाहता कर्करोगापासून दूरचा वाटतो. मात्र पेशीतील गुणसूत्रे रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली मोजणे, त्यांचे आकार ओळखणे आणि पेशीविभाजनाच्या अवस्था टिपणे ही कामे वनस्पतीच्या पेशीत व प्राण्याच्या पेशीत तत्त्वतः सारखीच असतात. कर्करोग हा अनिर्बंध पेशीविभाजनाचा विकार असल्याने पेशीविज्ञानाची ही शिस्त त्यांना पुढील सर्व संशोधनात उपयोगी पडली.

१३ मे १९३९ रोजी त्यांचा विवाह गणितज्ञ जयसिंग रणदिवे यांच्याशी झाला आणि त्या मुंबईस आल्या. एम.एस्सी. आणि पीएच.डी. या दोन्ही पदव्या त्यांनी विवाहानंतर, संसार सांभाळून मिळवल्या. या शिक्षणात पतीची त्यांना मोठी साथ लाभली. या दांपत्यास अनिल नावाचा एक मुलगा होता.

टाटा स्मारक रुग्णालय आणि डॉक्टरेट

रणदिवे मुंबईस आल्या त्या सुमारास शहरात कर्करोगाच्या उपचारांसाठी स्वतंत्र रुग्णालयाची उभारणी सुरू होती. लेडी मेहरबाई टाटा यांचे १९३१ साली रक्ताच्या कर्करोगाने निधन झाल्यानंतर सर दोराबजी टाटा यांनी अशा संस्थेची कल्पना मांडली होती. त्यांच्या मृत्यूनंतर सर दोराबजी टाटा विश्वस्त निधीने ती पूर्णत्वास नेली आणि २८ फेब्रुवारी १९४१ रोजी परळ येथे टाटा स्मारक रुग्णालय सुरू झाले.

या रुग्णालयाच्या प्रयोगशाळांचे व संशोधनाचे प्रमुख म्हणून विकृतिशास्त्रज्ञ डॉ. वसंत रामजी खानोलकर यांची नेमणूक झाली. लंडन विद्यापीठातून विकृतिशास्त्रातील एम.डी. पदवी घेऊन आलेल्या खानोलकरांनी मुंबईच्या ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयात आणि सेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयात अध्यापन केले होते. रुग्णालयात येणाऱ्या रोग्यांच्या नोंदी हेच संशोधनाचे साहित्य आहे, अशी त्यांची भूमिका होती. मुंबईतील मुखाच्या कर्करोगाच्या लागोपाठ आलेल्या १,००० रुग्णांचा आढावा त्यांनी १९४४ साली प्रसिद्ध केला. भारतात मुखाच्या कर्करोगाचे प्रमाण इतके मोठे का, हा प्रश्न या आढाव्याने ठळकपणे पुढे आणला.

त्या काळी भारतात वैद्यकीय संशोधन हे प्रामुख्याने डॉक्टरांचे क्षेत्र मानले जाई. रुग्णांच्या ऊतींची तपासणी आणि रोगनिदान हा त्याचा मुख्य भाग होता. रोगाचे कारण प्रयोगाने शोधायचे तर मात्र जीवशास्त्र, रसायनशास्त्र आणि सांख्यिकी जाणणाऱ्यांची गरज होती. खानोलकरांनी आपल्या विभागात अशा विज्ञान पदवीधरांना स्थान दिले. कमल रणदिवे टाटा स्मारक रुग्णालयात काम करू लागल्या आणि खानोलकर यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी मुंबई विद्यापीठाच्या पीएच.डी. पदवीसाठी संशोधन केले. १९४९ साली त्यांना ही पदवी मिळाली.

पुढे १९५२ साली केंद्र सरकारच्या आरोग्य मंत्रालयाने परळ येथेच भारतीय कर्करोग संशोधन केंद्राची स्थापना केली व खानोलकर त्याचे संचालक झाले. हे केंद्र डॉक्टरेटसाठी संशोधन करणाऱ्यांचे महत्त्वाचे ठिकाण ठरले. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाच्या साहाय्याने पेशींच्या अतिसूक्ष्म रचनेचा अभ्यास करणाऱ्या सत्यवती सिरसाट याही येथेच घडल्या.

बाल्टिमोर येथील प्रशिक्षण

डॉक्टरेट मिळाल्यानंतर रणदिवे यांनी अमेरिकेतील एखाद्या विद्यापीठात पुढील संशोधन करावे, असा आग्रह खानोलकरांनी धरला. त्यानुसार त्यांना संशोधन-शिष्यवृत्ती मिळाली आणि बाल्टिमोर येथील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत त्यांनी ऊतीसंवर्धनाचे तंत्र आत्मसात केले.

डॉक्टरेटनंतरच्या प्रशिक्षणाचा हेतू पदवीच्या शिक्षणापेक्षा वेगळा असतो. त्यात नवी परीक्षा किंवा नवी पदवी नसते. आपल्या देशात उपलब्ध नसलेले तंत्र ते जाणणाऱ्यांच्या सहवासात राहून, रोजच्या कामातून उचलायचे असते. ऊतीसंवर्धनाच्या बाबतीत याची विशेष गरज होती, कारण हे तंत्र तेव्हा केवळ पुस्तक वाचून साधणारे नव्हते. शरीराबाहेर काढलेली ऊती जिवंत ठेवण्यासाठी तिला योग्य तापमान, योग्य आम्लता आणि योग्य पोषणद्रव द्यावा लागतो. त्या काळी हा पोषणद्रव तयार मिळत नसे. प्राण्यांचे रक्तद्रव, गर्भाचा अर्क आणि क्षारांची द्रावणे यांपासून प्रत्येक प्रयोगशाळा तो स्वतः बनवी. काचेच्या भांड्यात धुण्याच्या रसायनाचा अंश राहिला किंवा हवेतील एखादा जंतू शिरला, तरी अनेक आठवड्यांचे काम वाया जाई.

जॉर्ज गाय यांनी या क्षेत्रात फिरत्या नळ्यांची पद्धत विकसित केली होती. संथपणे फिरणाऱ्या पिंपात ठेवलेल्या नळ्यांतील पेशींना आळीपाळीने पोषणद्रव आणि हवा मिळे, त्यामुळे त्या अधिक काळ तग धरत. याच प्रयोगशाळेत १९५१ साली हेनरिएटा लॅक्स या रुग्ण स्त्रीच्या गर्भाशयमुखाच्या कर्करोगातून घेतलेल्या पेशींपासून हेला ही मानवी पेशींची पहिली अखंड वाढणारी वंशमालिका तयार झाली. लॅक्स यांच्या संमतीवाचून या पेशी घेतल्या गेल्या होत्या. त्यावरून पुढे संशोधनातील नीतिनियमांची मोठी चर्चा झाली. पोलिओच्या लशीपासून औषधांच्या विषारीपणाच्या चाचण्यांपर्यंत अनेक कामांत या पेशींचा वापर झाला. शरीराबाहेर वाढवलेल्या पेशींवर एखाद्या पदार्थाचा परिणाम तपासण्याची पद्धत आज औषधशास्त्र व विषशास्त्र या दोन्ही शाखांचा पाया मानली जाते. रणदिवे यांनी बाल्टिमोरमध्ये आत्मसात केलेले तंत्र ते हेच.

मुंबईतील प्रयोगशाळांची उभारणी

अमेरिकेतून परतल्यावर रणदिवे पुन्हा खानोलकरांच्या संस्थेत रुजू झाल्या आणि भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात वरिष्ठ संशोधन अधिकारी म्हणून काम करू लागल्या. त्यांनी तेथे प्रायोगिक जीवशास्त्राची व ऊतीसंवर्धनाची प्रयोगशाळा सुरू केली. ही भारतातील अशा प्रकारची पहिली ऊतीसंवर्धन प्रयोगशाळा मानली जाते.

परदेशात शिकलेले तंत्र मायदेशी रुजवताना ज्या अडचणी येतात, त्या येथेही होत्या. आवश्यक रसायने व पोषणद्रव आयात करावे लागत आणि आयातीवर अवलंबून असलेले काम अखंड चालवणे कठीण होते. १९६०च्या दशकाच्या सुरुवातीस रणदिवे यांनी जीवशास्त्र आणि रसायनशास्त्र या विषयांतील सहकाऱ्यांना केंद्रात आणले व त्यांच्या मदतीने ऊतीसंवर्धनासाठी लागणारे पोषणद्रव व अभिकर्मके केंद्रातच तयार केली. यामुळे प्रयोगशाळा स्वावलंबी झाली आणि नव्या विद्यार्थ्यांना हे तंत्र मुंबईतच शिकता येऊ लागले.

केंद्रात कर्करोगजनन, पेशीजीवशास्त्र आणि रोगप्रतिकारशास्त्र या विषयांचे नवे विभाग सुरू करण्यातही त्यांचा पुढाकार होता. कर्करोगाचा अभ्यास एकाच शास्त्राच्या आधारे होऊ शकत नाही, हे या रचनेमागील सूत्र होते.

संशोधनकार्य

स्तनाचा कर्करोग

प्राण्यांच्या साहाय्याने कर्करोगाच्या कारणांचा शोध घेणे हा रणदिवे यांच्या संशोधनाचा गाभा होता. स्तनाच्या कर्करोगासाठी त्यांनी उंदरांच्या शुद्ध वंशांचा वापर केला. पिढ्यानपिढ्या सख्ख्या भावंडांमध्येच प्रजनन घडवून असे वंश तयार करतात. एका वंशातील सर्व उंदीर आनुवंशिक दृष्ट्या जवळजवळ सारखे असल्याने त्यांच्यातील फरकाचे कारण आहार, संप्रेरके किंवा संसर्ग यांत शोधता येते.

अमेरिकेत जॉन बिटनर यांनी १९३६ साली दाखवून दिले होते, की काही वंशांतील उंदरांच्या पिलांना स्तनाच्या कर्करोगाची प्रवृत्ती आईच्या दुधातून मिळते. अशा मादीची पिले जन्मतःच दुसऱ्या, रोगमुक्त वंशाच्या मादीकडे दूध पिण्यास दिली, तर त्यांच्यातील कर्करोगाचे प्रमाण बरेच घटते. दुधातील हा घटक म्हणजे एक विषाणू असल्याचे पुढे सिद्ध झाले. रणदिवे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आनुवंशिक प्रवृत्ती, संप्रेरके आणि हा विषाणू यांच्या परस्परक्रियांचा अभ्यास केला. कर्करोग होण्याची प्रवृत्ती कोणत्याही एका कारणावर नव्हे, तर संप्रेरके आणि अर्बुदकारक विषाणू यांच्या एकत्रित क्रियेवरही अवलंबून असते, हे या अभ्यासातून पुढे आले. या कामाने स्तनाच्या कर्करोगाबरोबरच रक्ताच्या व अन्ननलिकेच्या कर्करोगाच्या कारणांच्या आकलनातही भर पडली.

सुपारी आणि तंबाखू

खानोलकरांनी १९४४ साली पुढे आणलेल्या मुखाच्या कर्करोगाच्या प्रश्नाचा पाठपुरावा केंद्रात दोन मार्गांनी झाला. पहिला मार्ग रुग्णांच्या सवयींच्या तुलनेचा होता. संघवी, राव आणि खानोलकर यांनी १९५५ साली ब्रिटिश मेडिकल जर्नल या नियतकालिकात तंबाखू ओढणे व चघळणे या दोन्ही सवयींचा तोंड, घसा व अन्ननलिकेच्या कर्करोगाशी असलेला संबंध मांडला. परंतु अशा तुलनेतून विड्यातील नेमका कोणता घटक घातक आहे हे ठरत नाही. विड्यात पान, सुपारी, चुना, कात आणि अनेकदा तंबाखू एकत्र असतात आणि खाणारा त्यांचे मिश्रणच चघळतो. घटक वेगळे करून तपासण्याचा दुसरा मार्ग प्रयोगशाळेतून जात होता. तो रणदिवे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अनुसरला.

या प्रयोगांसाठी सिरियन हॅम्स्टर हा प्राणी उपयोगी ठरला. हॅम्स्टरच्या दोन्ही गालांत अन्न साठवण्यासाठी पिशव्या असतात. या पिशवीचे अस्तर बाहेर काढून पाहता येते, त्यावर एखादा अर्क ठरावीक दिवसांच्या अंतराने लावता येतो आणि अनेक महिने त्याच जागेचे निरीक्षण करता येते. अखेरीस त्या ऊतीचे पातळ काप घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली तपासले, म्हणजे पेशी सामान्य आहेत, बिघडू लागल्या आहेत की कर्करोगाच्या अवस्थेस पोहोचल्या आहेत, हे ठरवता येते. अर्क न लावलेल्या प्राण्यांशी प्रत्येक टप्प्यावर तुलना केली जाते.

सुपारी व तंबाखू यांच्या कर्करोगजनकतेविषयीचा रणदिवे, गोठोस्कर आणि सहकाऱ्यांचा अभ्यास १९७६ साली इंटरनॅशनल जर्नल ऑफ कॅन्सर या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्यानंतर १९७९ साली विड्यातील घटकांचे हॅम्स्टरवरील प्रयोग त्याच नियतकालिकात आले. त्याच वर्षी भिडे, शिवपूरकर, गोठोस्कर आणि रणदिवे यांनी ब्रिटिश जर्नल ऑफ कॅन्सरमध्ये सुपारीचा जलीय अर्क दिलेल्या उंदरांमध्ये गाठी निर्माण झाल्याचे नोंदवले. तंबाखू घातक आहे हे तोवर बऱ्याच अंशी मान्य झाले होते. या प्रयोगांनी मात्र सुपारीही निरुपद्रवी नसल्याचा पुरावा समोर ठेवला.

या निष्कर्षाचे सामाजिक महत्त्व मोठे होते. महाराष्ट्रात पानसुपारी हे आदरातिथ्याचे व मंगलकार्याचे अंग आहे. तंबाखू टाळणारी माणसेही सुपारी निर्धास्तपणे खात. १९८५ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने तंबाखूयुक्त विडा माणसात कर्करोग उत्पन्न करतो असे जाहीर केले. २००४ साली याच संस्थेने तंबाखूविरहित विडा आणि सुपारी यांनाही माणसासाठी निश्चित कर्करोगजनक पदार्थांच्या गटात स्थान दिले. अशा निर्णयांमध्ये रुग्णांच्या पाहण्यांबरोबरच प्राण्यांवरील प्रयोगांचाही विचार केला जातो आणि मुंबईतील प्रयोग हे त्या पुराव्याचा भाग होते. महाराष्ट्र शासनाने २०१२ साली गुटख्याच्या विक्रीवर बंदी घातली.

भारतातील विशिष्ट सवयींमुळे होणाऱ्या कर्करोगांत काश्मिरातील कांगडी कर्करोगाचाही समावेश होतो. थंडीत निखाऱ्यांची कांगडी कपड्यांच्या आत अंगाजवळ धरण्याच्या प्रथेमुळे पोटाच्या व मांड्यांच्या त्वचेवर हा रोग होतो. रणदिवे, गोठोस्कर आणि खानोलकर यांनी या रोगाच्या कारणांचाही प्रायोगिक अभ्यास केला.

कुष्ठरोगाचा दंडाणू

कुष्ठरोगाचा जंतू गेरहार्ड हान्सन यांनी १८७३ साली शोधला. तेव्हापासून तो प्रयोगशाळेत कृत्रिम माध्यमावर वाढवण्याचे असंख्य प्रयत्न झाले, पण ते यशस्वी ठरले नाहीत. जंतू वाढवता येत नसल्याने त्यावर औषधांची चाचणी घेणे आणि लस तयार करणे या दोन्ही गोष्टी अवघड होत्या. हा जंतू मज्जातंतूंच्या ऊतीत राहतो, त्यामुळे ऊतीसंवर्धनाच्या साहाय्याने त्याला वाढवता येईल का, हा प्रश्न रणदिवे यांच्या प्रयोगशाळेसमोर होता.

बापट, रणदिवे आणि खानोलकर यांनी १९५८ साली प्रसिद्ध केलेल्या शोधनिबंधात तीव्र स्वरूपाच्या कुष्ठरोग्याच्या शरीरातून मिळवलेला एक दंडाणू संवर्धनात वाढवल्याचे नमूद केले. क्षयाच्या व कुष्ठाच्या जंतूंप्रमाणेच तो रंगवल्यानंतर आम्लाने धुतला तरी रंग सोडत नसे. केंद्राच्या नावावरून तो आयसीआरसी दंडाणू या नावाने ओळखला जाऊ लागला. तो प्रत्यक्ष कुष्ठरोगाचाच जंतू आहे का, यावर दीर्घकाळ वाद चालला. पुढील तपासणीत तो मायकोबॅक्टेरियम एव्हियम-इंट्रासेल्युलेअर या गटातील, म्हणजे कुष्ठजंतूचा नातलग असलेला पण वेगळा जंतू असल्याचे दिसून आले. कुष्ठरोगाचा जंतू आजही कृत्रिम माध्यमावर वाढवता आलेला नाही.

तरीही या कामाचा उपयोग वेगळ्या मार्गाने झाला. या दंडाणूतील व कुष्ठजंतूतील काही प्रतिजन समान आहेत, त्यामुळे त्याच्यापासून बनवलेली लस शरीरास कुष्ठजंतूविरुद्ध सज्ज करू शकेल, असा विचार पुढे आला. १९७०च्या दशकाच्या अखेरीस डॉ. माधव देव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आयसीआरसी दंडाणूपासून लस तयार केली. दक्षिण भारतात झालेल्या मोठ्या तुलनात्मक चाचणीचे निष्कर्ष १९९८ साली प्रसिद्ध झाले. त्यात या लशीने सुमारे ६५ टक्के संरक्षण दिल्याचे आढळले. तोपर्यंत बहुविध औषधोपचारामुळे कुष्ठरोगाचे प्रमाण झपाट्याने घटू लागले होते, त्यामुळे ही लस सार्वत्रिक वापरात आली नाही.

संस्थेचे नेतृत्व आणि विद्यार्थी

१९६२ साली टाटा स्मारक रुग्णालय व संशोधन केंद्र यांचे प्रशासन अणुऊर्जा विभागाकडे आले आणि १९६६ साली या दोन्ही संस्था एकत्र येऊन टाटा स्मारक केंद्र अस्तित्वात आले. या बदलाच्या काळात, १९६६ ते १९७० या वर्षांत रणदिवे यांनी संशोधन केंद्राच्या कार्यकारी संचालकपदाची जबाबदारी सांभाळली. भारतीय कर्करोग संशोधन केंद्र पुढे कर्करोग संशोधन संस्था या नावाने ओळखले जाऊ लागले.

रणदिवे यांच्या नावावर कर्करोग आणि कुष्ठरोग या विषयांवरील २०० हून अधिक शोधनिबंध आहेत. त्यांतील बरेचसे निबंध विद्यार्थ्यांच्या व कनिष्ठ सहकाऱ्यांच्या जोडीने लिहिलेले आहेत. सुपारीवरील निबंधांत एकापाठोपाठ एक नवी नावे येतात, तर काही निबंधांत रणदिवे यांचे नाव अखेरीस येते. प्रयोगशास्त्रांत मार्गदर्शकाचे नाव शेवटी आणि प्रत्यक्ष प्रयोग करणाऱ्याचे नाव आधी देण्याचा प्रघात आहे. एका प्रयोगशाळेतून संशोधकांची पिढी घडत असल्याचे ते चिन्ह असते.

परदेशात शिकण्यास गेलेल्या भारतीय विद्यार्थ्यांनी व शास्त्रज्ञांनी मायदेशी परतावे आणि आपल्या ज्ञानाचा उपयोग आपल्या समाजासाठी करावा, असा त्यांचा आग्रह असे. परदेशातील प्रशिक्षणाला त्यांचा विरोध नव्हता, त्यांचे स्वतःचे प्रशिक्षणही तेथेच झाले होते. मुखाचा कर्करोग, कांगडी कर्करोग आणि कुष्ठरोग हे भारतातील प्रश्न होते. तेथे मिळवलेले तंत्र त्यांनी या प्रश्नांसाठी वापरले.

महिला वैज्ञानिकांचे संघटन

१९७३ साली मुंबईत भारतीय महिला वैज्ञानिक संघटनेची स्थापना झाली. रणदिवे या संघटनेच्या संस्थापक सदस्य होत्या. विज्ञान शाखेत पदवी घेणाऱ्या मुलींची संख्या तोवर वाढली होती. मात्र डॉक्टरेट आणि त्यापुढील संशोधनाच्या टप्प्यावर विवाह, बदली आणि मुलांचे संगोपन यांमुळे अनेकींना काम सोडावे लागे. संघटनेने व्याख्याने, परिसंवाद आणि विज्ञानप्रसार यांच्या जोडीने या व्यावहारिक अडचणींकडेही लक्ष दिले. नवी मुंबईतील वाशी येथील संघटनेच्या मुख्यालयात नोकरी व शिक्षण करणाऱ्या महिलांसाठी वसतिगृह आणि मुलांसाठी पाळणाघर सुरू करण्यात आले. संघटनेच्या शाखा पुढे देशातील इतर शहरांतही स्थापन झाल्या.

ग्रामीण व आदिवासी भागातील कार्य

स्त्रिया आणि बालके यांच्या आरोग्याचे प्रश्न हा रणदिवे यांच्या आस्थेचा विषय होता. आदिवासी समाजातील बालकांच्या रक्ताचा रोगप्रतिकारशास्त्राच्या अंगाने अभ्यास करणारा एक प्रकल्प त्यांनी हाती घेतला होता. अहमदनगर (आताचा अहिल्यानगर) जिल्ह्यातील अकोले तालुक्यात सत्यनिकेतन या स्वयंसेवी संस्थेच्या माध्यमातून त्यांनी आदिवासी बालकांच्या पोषणस्थितीची माहिती गोळा केली. महिला वैज्ञानिक संघटनेच्या वतीने चालणाऱ्या शासकीय प्रकल्पांतून त्यांनी या भागातील ग्रामीण स्त्रियांना आरोग्य व आहार यांविषयी मार्गदर्शन केले.

पुरस्कार आणि सन्मान

१९६४ साली भारतीय वैद्यकीय परिषदेचा पहिला रौप्यमहोत्सवी संशोधन पुरस्कार रणदिवे यांना मिळाला. सुवर्णपदक आणि १५,००० रुपये असे त्याचे स्वरूप होते. त्याच वर्षी सूक्ष्मजीवशास्त्रातील कार्याबद्दल त्यांना वाटुमल प्रतिष्ठानचा पुरस्कार देण्यात आला. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने त्यांची मानद वैद्यकीय शास्त्रज्ञ म्हणून निवड केली होती. १९८२ साली वैद्यक क्षेत्रातील योगदानासाठी त्यांना पद्मभूषण सन्मान मिळाला.

मृत्यू आणि वारसा

कमल रणदिवे यांचे ११ एप्रिल २००१ रोजी निधन झाले. त्यानंतर वर्षभरात, २००२ साली, कर्करोग संशोधन संस्था परळहून नवी मुंबईतील खारघर येथे हलवण्यात आली. टाटा स्मारक केंद्राच्या प्रगत कर्करोग उपचार, संशोधन व शिक्षण केंद्राचा ती आता भाग आहे. तेथे दरवर्षी पीएच.डी.साठी विद्यार्थी निवडले जातात. पेशीसंवर्धन हा त्यांच्या प्रशिक्षणाचा नेहमीचा भाग आहे.

८ नोव्हेंबर २०२१ रोजी, रणदिवे यांच्या १०४ व्या जन्मदिनी, गूगल या शोधयंत्राने आपल्या मुखपृष्ठावर त्यांचे चित्र प्रसिद्ध करून त्यांना अभिवादन केले.